गाव दाखवा, देखावा नको

परदेशी पाहुण्यांना कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली गावे दाखवण्याचा एक साचा ठरून गेला आहे. सकाळी तंजावरचे मोठे देऊळ, मग दारासुरम, स्वामीमलईत मूर्ती ओतणाऱ्यांकडे अर्धा तास. दुपारी बैलगाडीची फेरी, अग्रहारातल्या जुन्या घरी केळीच्या पानावर जेवण आणि दारातल्या रांगोळीचा फोटो. वाटेत बायका भातलावणी करताना दिसल्या की गाडी थांबते. पाहुणे बांधावरून चार फोटो काढतात आणि वाटाड्या सांगतो, इथे हजार वर्षांत काहीच बदललेले नाही.

माझे भांडण या वाक्याशी आहे. ते खोटे आहे आणि सर्वांच्या सोयीचे आहे.

ज्या शेताचा फोटो निघाला, त्याचे पाणी कुठून आले हे विचारून पाहा. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा ते वाटून देतो हे खरे. पण कल्लणैपर्यंत ते येते 1934 साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणातून. धरणाचे दरवाजे 12 जूनला उघडायचे असा शिरस्ता आहे आणि कुरुवै हे कमी मुदतीचे भातपीक त्या तारखेवर अवलंबून असते. पाणी लांबले की ज्याची बोअर आहे तो पेरतो, ज्याची नाही तो आभाळाकडे पाहतो. या पाण्यासाठी कर्नाटकाशी पिढ्यान्‌पिढ्या तंटा चालला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कर्नाटकाने तमिळनाडूसाठी वर्षाला 177.25 टीएमसी पाणी सोडावे. त्याच्या आदल्या वर्षी कदिरामंगलमचे लोक तेलविहिरींविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, आणि 2020 मध्ये राज्याला या प्रदेशाला कायद्याने संरक्षित कृषिक्षेत्र ठरवावे लागले. ज्या गावांनी एवढे पाहिले, त्यांना 'काही न बदललेले' म्हणणे हा त्यांचा अपमान आहे.

आता त्या चिखलात वाकलेल्या बाईकडे या. ती बहुधा अग्रहारात राहत नाही. आपण ज्याला गावकुसाबाहेर म्हणतो त्याला तिथे चेरी म्हणतात, आणि बैलगाडीची फेरी त्या वळणावर कधी जात नाही. 25 डिसेंबर 1968 रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात 44 दलित माणसे एका झोपडीत जिवंत जाळली गेली. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. शेतमजूर संघटित झाले होते आणि वाढीव मजुरी मागत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. ज्या जमीनदारांना खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले होते, ते उच्च न्यायालयातून सुटले. भाताच्या हिरव्या शेताचा हाही इतिहास आहे.

यावर म्हणतील, पाहुणा सुट्टीवर आला आहे, त्याला दुःख दाखवायचे का? शिवाय या फेऱ्यांवर गावातल्या चार घरांची चूल पेटते. दुसरे म्हणणे मला मान्य आहे, म्हणूनच ती चार घरे कोणती, हे विचारतो. पहिल्याला उत्तर असे की दारिद्र्याची सहल काढा असे मी म्हणत नाही. कॅमेरे घेऊन चेरीत घुसणे हे बांधावरून फोटो काढण्यापेक्षा वाईट. मागणी साधी आहे. कालव्याचे दार दाखवा आणि ते उघडणाऱ्या माणसाला बोलू द्या. फोटोआधी त्या बाईला विचारा. ती नको म्हणाली तर ते भाषांतर करून सांगा. तिचा अर्धा तास घेतलात तर त्याचे पैसे द्या. आणि तिला काही विचारायचे असेल तर तेही पाहुण्यापर्यंत पोचवा.

मराठी पर्यटकांनी इथे हसू नये. आपणही बृहदीश्वराच्या आवारातला 1803 चा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल पाहून, भोसल्यांचा अभिमान घेऊन परततो. शेताकडे बघतही नाही. मग भोसल्यांचेच एक काम आठवू या. रामेश्वराच्या वाटेवर त्यांनी छत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र अजून उभे आहे. तिथे वाटसरूला जेवण मिळे, आजारी पडल्यास औषध मिळे. 1801 साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला लिहिले, तेव्हा ही छत्रे ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत सर्वांसाठी आहेत हे आवर्जून सांगितले. तिथे पंगती वेगळ्या असतील, जात गळून पडली असे कोणी समजू नये. पण आलेला माणूस कोण, त्याला काय हवे, हे विचारण्याची रीत तिथे होती.

आज पाहुणा आणि गाव समोरासमोर येतात, आणि दोघांपैकी कोणीच कोणाला काही विचारत नाही. विचारू न देण्याचेच पैसे वाटाड्या घेत असेल, तर पाहुण्याने गाव पाहिले असे मी मानणार नाही. तो नुसता तिथून गेला.