सापडली नाही!

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी ग्लासगोहून लॉख लोमंडला गेलो होतो. बाल्माहाच्या धक्क्यावरून होडीने इंचकॅलॉक बेट अगदी जवळ. सगळीकडे ओकची झाडं आणि खाली ब्लूबेलचा निळा गालिचा. आम्ही मात्र आलेलो जिओकॅश शोधायला, म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी आणि आत सही करायला वही.

या खेळाचा जन्मच आकड्यांच्या अचूकपणातून झाला. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये एकाने पहिली बादली लपवली. पण दाट झाडीत जीपीएस अजूनही पाच-दहा मीटर सहज चुकतो. माझा बाण सरळ फुलांत शिरायला सांगत होता. शिरलोसुद्धा! डबी नाहीच. मागे वळून पाहिलं तर माझ्या बुटांखाली चेंगरलेल्या पानांची पायवाट. पानं चेंगरली की ब्लूबेल त्या वर्षी कंदात अन्न साठवू शकत नाही, सावरायला कित्येक वर्षं लागतात.

मित्र म्हणाला, "अजून दोन पावलं जा रे, शेवटच्या होडीला वेळ आहे." मी परत फिरलो.

आपल्याला ऑफिसात 'टास्क क्लोज' करायची सवय लागलेली असते. पण माझं स्पष्ट मत आहे, जिथे पायवाट संपते तिथे खेळही संपला पाहिजे. रात्री साइटवर प्रामाणिकपणे नोंदवलं, 'सापडली नाही'. बेट मात्र सापडलं, थोडं उशिरा का होईना.