सवय होईल हो!

आमच्या क्षेत्रात एक वाक्य फार बिनधास्त वापरलं जातं. "यूजरला बदल नकोच असतो. दोन महिने ओरडतील, मग सवय होईल." हे वाक्य मी मीटिंगमध्ये ऐकलंय, ऑफिसखालच्या टपरीवर ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, स्वतः एका टिकेटवर टंकलंसुद्धा आहे. आज ह्या वाक्याची जरा चिरफाड करायची आहे. विकांत आहे, कंपनीचा लॅपटॉप बॅगेत बंद आहे, चहा झालाय. तर मंडळी, सुरू करू.

उदाहरण मुद्दाम जुनं घेतो, कारण त्याचा निकाल लागून गेलाय. विंडोज ८.

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ बाजारात आलं. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात बसलेलं स्टार्ट बटन गायब. त्याच्या जागी सगळा पडदा व्यापणारी रंगीत चौकोनांची स्टार्ट स्क्रीन. मशीन बंद करायचं? माऊस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून चार्म्स नावाची पट्टी बाहेर येणार, त्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शटडाऊन. त्या कोपऱ्यात काही आहे हे सांगणारी खूण पडद्यावर कुठेही नाही! ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

मी तेव्हा दहावीत होतो आणि मला हे सगळं प्रचंड भारी वाटलं होतं. जो तक्रार करेल त्याला मी "जुन्या लोकांचं असंच असतं" म्हणून उडवून लावायचो. पंधराव्या वर्षी माणूस सर्वज्ञ असतो. :-)

तक्रारी काही कमी नव्हत्या. पहिली चाचणी आवृत्ती सप्टेंबर २०११ ला निघाली तेव्हापासून लोक सांगत होते. त्या आवृत्तीत रजिस्ट्रीतली एक किंमत बदलली की जुना स्टार्ट मेनू परत यायचा. लोकांनी ही खिडकी शोधून काढली. मग काय झालं? फेब्रुवारी २०१२ च्या पुढच्या आवृत्तीत ती खिडकी बंद! म्हणजे लोक कुठून पळतायत ते बघून रस्ता रुंद करायचा, तर ह्यांनी तिथे भिंत बांधली.

मायक्रोसॉफ्टकडे उत्तर तयार होतं, आणि ते वरवर पाहता आपल्यासारख्या इंजिनियरला पटेल असंच होतं. आकडेवारी! विंडोज ७ मध्ये लोक कार्यक्रम टास्कबारला चिकटवून ठेवतात, स्टार्ट मेनूचा वापर व्हिस्टापेक्षा कमी झालाय, म्हणून त्याची गरजही कमी झालीय.

इथे माझं पहिलं भांडण आहे. एखादी गोष्ट किती वेळा वापरली जाते हे मोजता येतं. ती कशासाठी वापरली जाते हे त्या आकड्यात नसतं. आमच्या गावच्या घरी माळ्यावर चढायची शिडी आहे. वर्षातून फार तर तीनदा लागते. म्हणून ती भंगारात द्या, आकडेवारी तसंच सांगते, असं कुणी म्हणालं तर आमची आजी त्याला दारात उभा करणार नाही. रोजचे चार प्रोग्रॅम टास्कबारवर असतात हे खरं. पण रोज न लागणारं पाचवं जेव्हा लागतं, तेव्हा ते कुठे मिळेल ह्याची खात्री स्टार्ट मेनू देत होता.

ह्यावर तेव्हाचे (आणि आत्ताचेही) हुशार लोक म्हणतात, "अरे, विंडोज की दाब आणि नाव टाइप कर ना!" बरोबर. मीही तेच करतो. पण त्यासाठी नाव माहीत असावं लागतं. हॉटेलात गेल्यावर वेटरने मेनूकार्ड काढून घेतलं आणि "तुम्ही पदार्थाचं नाव सांगा, आणतो" म्हणाला तर रोजच्या गिऱ्हाइकाचं अडणार नाही. नवख्याने काय करायचं? मेनू म्हणजे काय काय आहे त्याची यादी. ती काढली की सगळ्यात जास्त अडचण त्याची होते, ज्याला आधीच कमी माहिती असते.

पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. स्टार्डॉक कंपनीने स्टार्ट८ नावाचं टूल ४.९९ डॉलरला विकायला काढलं. क्लासिक शेल नावाचं फुकटचं टूल आधीपासून होतं, त्याची चलती झाली. म्हणजे नवीन ऑपरेटिंग सिस्टिम पैसे देऊन घ्यायची आणि वर जुनं बटन परत मिळावं म्हणून आणखी पैसे मोजायचे! १७ ऑक्टोबर २०१३ ला ८.१ आलं, त्यात बटन परत आलं, पण दाबलं की पुन्हा तीच स्टार्ट स्क्रीन. लोकांनी पाणी मागितलं तर नुसता तांब्या दिला. एप्रिल २०१४ च्या अपडेटमध्ये स्टार्ट स्क्रीनवर पॉवरचं बटन आलं. आणि २९ जुलै २०१५ ला विंडोज १० सोबत स्टार्ट मेनू परत. पावणेतीन वर्षं! "सवय होईल"वाल्यांचा सिद्धांत खरा असता तर ह्यातलं काहीच परत आणायची वेळ आली नसती.

आता कुणी म्हणेल, लोक सगळ्यालाच नावं ठेवतात. १९९५ ला नव्हती ठेवली? २००१ ला एक्सपीच्या निळ्या-हिरव्या रूपाला खेळणं म्हणून हसले नव्हते? हसले होते. पण तेव्हा केलं काय होतं ते बघा. विंडोज ९५ मध्ये सगळं नवीन होतं, तरी जुना प्रोग्रॅम मॅनेजर सोबत होता, हवा तर उघडा. एक्सपीमध्ये क्लासिक रूप होतं, क्लासिक स्टार्ट मेनू होता. ज्याला घाई नाही तो जुन्या वाटेने चालत राहिला आणि त्याच्या सोयीने नव्या वाटेवर आला. ह्याच लोकांनी एक्सपीला पुढे इतका जीव लावला की ८ एप्रिल २०१४ ला त्याचा सपोर्ट संपला तरी सोडवेना. मग "लोकांना बदल नको असतो" हे वाक्य कुठे गेलं?

ॲपलचंही बघा. सप्टेंबर २०००च्या मॅक ओएस टेनच्या सार्वजनिक बीटात वरच्या पट्टीच्या मधोमध सफरचंद होतं, निव्वळ शोभेचं. क्लिक केलं तर काहीच नाही. जुन्या मॅकवाल्यांनी आरडाओरडा केला. मार्च २००१ ला पक्की आवृत्ती आली तेव्हा सफरचंद डावीकडे, आपल्या जागी, मेनूसकट. बीटात लोकांनी सांगितलं, सहा महिन्यांत दुरुस्त झालं. ऐकायचं असलं की वेळ लागत नाही.

आणि विंडोज ८ मध्ये चांगलं काही नव्हतं का? होतं ना! लवकर चालू व्हायचं, नवा टास्क मॅनेजर झकास होता, फायली कॉपी करतानाची खिडकी सुधारली होती. ह्या बदलांवर कुणी मोर्चे काढले नाहीत. कारण त्यात वापरणाऱ्याचा फायदा होता. स्टार्ट स्क्रीनची गरज कुणाला होती? २०१० ला आयपॅड आला होता, बोटाने चालणाऱ्या यंत्रांचा बाजार हातचा जाईल ही भीती कंपनीला होती. भीती खरी होती, मी नाकारत नाही. पण तिची किंमत माऊस-कीबोर्ड घेऊन बसलेल्या माणसाने का मोजायची? वर त्यानेच तक्रार केली तर तो मागासलेला!

आता माझ्या टिकेटबद्दल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने पतसंस्थांसाठीच्या एका जुन्या सॉफ्टवेअरला नवीन रूप दिलं. मोठी बटनं, भरपूर मोकळी जागा, डेमोत टाळ्या. महिन्याभरात एका तालुक्याच्या गावातून तक्रारींची रांग लागली. मी टिकेट बंद करताना लिहिलं, "यूजर रेझिस्टन्स, सवय होईल." साहेबांनी मला प्रत्यक्ष तिथे पाठवलं.

कॅश काउंटरवर पन्नाशीच्या एक मॅडम. मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे ते तुम्हीच का सर! बसा, बसा. बाजाराचा दिवस आहे, बघाच." मी बघत बसलो. त्यांची नजर पडद्यावर नव्हतीच. नजर नोटांवर, विड्रॉल स्लिपवर, समोरच्या माणसावर. जुन्या स्क्रीनमध्ये खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर, एफ टेन. झालं जतन. अकरा वर्षं बोटं हे न बघता करत होती. आम्ही एफ टेन काढून टाकलं होतं आणि खाली उजवीकडे एक देखणं बटन ठेवलं होतं, माऊसने दाबायचं. गर्दीत त्या सवयीने एफ टेन दाबत, पैसे देत, पुढच्याला बोलावत. एंट्री जतनच नाही! संध्याकाळी रोख दोन हजारांनी कमी. सगळ्या स्लिपा एकेक करून पडद्याशी ताडायच्या, सापडेपर्यंत. पहिल्या महिन्यात चार वेळा असं झालं. "साडेसातची शेवटची एसटी गेली की मुलाला गाडी घेऊन बोलवावं लागतं सर. आणि साहेब विचारतात, मॅडम, आता तुमच्याच्यानं होत नाही का?"

हे शेवटचं ऐकलं आणि मला माझं टिकेट आठवलं. चूक आमची, आणि शंका त्यांच्या कुवतीवर. मॉनिटरच्या कडेला त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली होती, लाल पेनने: "बटन दाबले का?"

त्या बाईंची अकरा वर्षांची सवय ही त्यांची कमाई होती. ती आम्ही एका रिलीजमध्ये शून्य केली. डेटाबेसमधली एक ओळ उडाली तर आम्ही रात्रभर जागतो. माणसाच्या बोटातलं उडालं तर त्याला रेझिस्टन्स म्हणतो.

परत येऊन मी भांडलो. एफ टेन परत मिळालं. एका ओळीचं काम होतं, लाज वाटावी इतकं सोपं. जुनी स्क्रीन पर्याय म्हणून ठेवा हे मात्र कुणी मान्य केलं नाही, "मेंटेनन्स वाढतो" म्हणून. वाढतोच, खोटं नाही. पण तो खर्च आम्ही वाचवला की संपत नाही, काउंटरवरच्या माणसाच्या खिशातून आणि वेळेतून जातो, एवढं तरी हिशेबात लिहा की!

सगळ्या तक्रारी खऱ्या असतात असं माझं म्हणणं नाही. "रंग आवडला नाही" आणि "माझं काम अडलं" ह्यात फरक आहे. पण तो फरक कळायला तक्रार आधी वाचावी लागते. मोठ्या कंपन्याही अजून शिकल्यात असं दिसत नाही. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं तेव्हा टास्कबारवरच्या खिडक्या नावासकट सुट्या ठेवायची जुनी सोय काढलेली होती. ती परत यायला २०२३ उजाडलं.

असो. बरंच टंकून झालं. उद्या सोमवार, नवीन रिलीजच्या टिकेटांची रास वाट बघतेय. त्यातल्या एकावर आमच्या टीममधल्या नव्या पोराने "सवय होईल" लिहिलंय. मी ते टिकेट परत उघडलंय आणि त्याला पुढच्या बाजाराच्या दिवसाचं एसटीचं तिकीट काढायला सांगणार आहे.