जहाज समुद्रात, घर खान्देशात

भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन अशा चारच ठिकाणी थांबत, पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल कापून त्या २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या. वाटेत त्यांनी ‘पॉइंट निमो’ ओलांडला. दक्षिण पॅसिफिकमधल्या या जागेपासून सर्वात जवळची जमीनही २,६०० किलोमीटरहून लांब आहे. इतक्या दूर त्या दोघीच होत्या, तरी घरच्यांना विचारायचे कुणाला, हा प्रश्न नव्हता. नौका कुठे आहे हे उपग्रहावरून कळत होते आणि तिच्यावर लक्ष ठेवायला किनाऱ्यावर नौदल होते. त्याच समुद्रावर जळगाव-धुळ्याची मुलेही राहतात, मालवाहू जहाजांवर, सहा-सहा, नऊ-नऊ महिने. त्यांच्या आईवडिलांसाठी मात्र जिल्ह्यात चौकशीची म्हणून एक खिडकी नाही. ती हवी, आणि ती उघडणे फारसे अवघड नाही, एवढे एकच म्हणणे मला इथे मांडायचे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता जहाजावर वाय-फाय आहे, मुलगा रोज व्हिडिओ कॉल करतो, मग खिडकी कशाला? यात तथ्य आहे. समुद्रावरील कामगारांच्या हक्कांचा २००६चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्या करारात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली आणि खलाशांना इंटरनेट देणे ही जहाजमालकाची जबाबदारी ठरली. ही मोठी गोष्ट आहे. पण तिची भाषा नीट वाचली पाहिजे. सोय द्यायची ती ‘व्यवहार्य असेल तितपत’, आणि पैसे घ्यायचेच असतील तर ‘वाजवी’. काय व्यवहार्य आणि काय वाजवी हे प्रत्यक्षात मालकच ठरवतो. मोठ्या कंपनीच्या नव्या टँकरवर खलाशाला केबिनमध्ये बसून घरी बोलता येते, तर तीस वर्षांच्या जुन्या जहाजावर महिन्याला मोजून मिळालेला डेटा चार दिवसांत संपतो. शिवाय मासेमारी नौका आणि पारंपरिक बांधणीची गलबते या करारातच येत नाहीत. तेव्हा मुलगा बोटीवर आहे एवढ्यावरून तो रोज बोलू शकेल असे धरून चालता येत नाही. आणि रोज बोलणाऱ्या घराला एक दिवस फोन आला नाही तर जी धास्ती बसते, ती पूर्वी महिन्याने पत्र येणाऱ्या घराला बसत नव्हती. संपर्क जितका सहज झाला, तितके त्याचे तुटणे जिव्हारी लागू लागले.

मुळात यंत्र असले म्हणजे संपर्क असतो, हेच खरे नाही. १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले, पुरी करून आला एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याचा रेडिओ वाटेत बिघडला. न्यूझीलंड सोडल्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ तो कुठे आहे, आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हते. एप्रिल १९६९ मध्ये तो सुखरूप इंग्लंडला पोहोचला. त्याच शर्यतीतल्या डोनाल्ड क्रोहर्स्टचा रेडिओ काम करत होता. त्याची नौका मात्र लांबच्या प्रवासाला लायक नव्हती. परत फिरावे तर कर्जात बुडणार, पुढे जावे तर जीव जाणार, अशा कोंडीत त्याने रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवायला सुरुवात केली आणि मग कित्येक आठवडे मुद्दाम गप्प राहिला. इंग्लंडमध्ये त्याची पत्नी आणि चार मुले त्या खोट्या प्रगतीवर विसंबून होती. १० जुलै १९६९ रोजी अटलांटिकमध्ये त्याची रिकामी नौका सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये झालेल्या स्पर्धेत आपले कमांडर अभिलाष टॉमी होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला आणि उठताही येईना. त्यांनी तुटक मजकुरातून जशी होती तशी अवस्था कळवली. किनाऱ्यावर तो मजकूर वाचणारे आणि हालचाल करणारे लोक होते, म्हणून तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांना उचलले. बिघडलेला रेडिओ, चालू असूनही खोटे बोलणारा रेडिओ, आणि दोन ओळींचा खरा मजकूर: या तिन्हींत माणूस वाचवणारी गोष्ट कोणती, हे उघड आहे. खरे सांगणारा एका टोकाला हवा आणि ऐकून कामाला लागणारा दुसऱ्या टोकाला.

आपल्याकडे खोटे बहुधा दुसऱ्या टोकाकडून बोलले जाते, तेही मायेपोटी. वडिलांना दवाखान्यात ठेवले आहे, पण ‘त्याला कळवू नका, तो तिकडे काय करणार’ असे घरातले मोठे ठरवून टाकतात. खान्देशातली घरे माणसे धरून ठेवणारी आहेत. श्रावणात कानबाईच्या रोटाला सगळी भाऊबंदकी एकत्र येते, सुरत-पुण्याला कामाला असलेला माणूस सुट्टी काढून येतो, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीची वाट पाहणे हा तर इथला जीव की प्राण. अशा घरातला मुलगा समुद्रावर असताना त्याला बातमीपासून वाचवावे असे वाटणे साहजिक आहे. त्यामागे व्यवहाराचा मुद्दाही आहे: रात्रीच्या पहाऱ्यावरचा माणूस वाईट बातमीने हादरला तर जहाजालाच धोका. पण याचा उपाय लपवणे हा नव्हे. जहाजावर कॅप्टन असतो, कंपनीत खलाशांचे काम पाहणारा अधिकारी असतो. गंभीर बातमी त्यांच्यामार्फत गेली तर पहारा बदलता येतो, मुलाला सावरायला जवळ कुणीतरी असते, पुढच्या बंदरावर उतरवून घरी पाठवण्याची तजवीज करता येते. त्यासाठी घराकडे कंपनीचा संपर्क हवा आणि तो वापरायचा कसा हे सांगणारे कुणी हवे. लपवलेली बातमी सहा महिन्यांनी स्टेशनावर उतरल्यावर कळते तेव्हा मुलगा वडिलांबरोबर घरच्यांवरचा विश्वासही गमावतो.

खिडकीची खरी गरज लागते ती घडी विस्कटल्यावर. २०२४ मध्ये जगभरात ३१२ जहाजे मालकांनी वाऱ्यावर सोडली. त्यांवर तीन हजारांहून अधिक खलाशी अडकले आणि त्यांत सर्वाधिक भारतीय होते. सोडलेल्या जहाजावर काय होते? पगार थांबतो, मग अन्नपाणी, मग डिझेल. डिझेल संपले की जनरेटर बंद, आणि जनरेटर बंद झाला की हातातला फोनही मुका होतो. म्हणजे ज्या क्षणी घराची सर्वात जास्त गरज, नेमका त्याच क्षणी तो बहुचर्चित व्हिडिओ कॉल संपतो. अशा वेळी तालुक्याच्या गावातले वडील कुठे जातात? पोलीस ठाण्यात. तिथे विचारतात, जहाजाचे नाव काय? नाव सांगितले तरी उपयोग होईलच असे नाही, कारण मालक बदलला की जहाजाचे नाव बदलते, झेंडाही बदलतो. बदलत नाही तो सात आकडी ‘आयएमओ’ क्रमांक, जो जहाज भंगारात निघेपर्यंत तोच राहतो. तो क्रमांक हाती असेल तर जहाजाचा माग काढता येतो, विमा कंपनी शोधता येते. २०१७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार अशा खलाशांचा चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च त्या विम्यातून मागता येतो. किती घरांकडे तो सात आकडी क्रमांक लिहून ठेवलेला असतो?

सैनिकांच्या बाबतीत हा प्रश्न आपण केव्हाच सोडवला आहे. जळगावला आणि धुळ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. मुलगा सियाचीनला असला तरी त्याच्या घरच्यांना आपल्याच जिल्ह्यात जायला दार आहे. व्यापारी जहाजावरच्या खलाशासाठी असलेली मुख्य दारे, नौवहन महासंचालनालय, सरकारी शिपिंग ऑफिस, खलाशांच्या संघटना, मुंबईत आहेत. कोकणातल्या किंवा पालघरच्या घराला मुंबई जवळ पडते आणि शेजारीपाजारी जहाजावर जाऊन आलेला कुणी ना कुणी भेटतोच. भुसावळ किंवा साक्रीच्या घराला तशी शेजारची शहाणीवही मिळत नाही. काही जण म्हणतील, सैनिक देशासाठी जातो, खलाशी पैशासाठी. सैनिकाचा मान वेगळा आहे आणि तो राहावा. पण आपल्या देशाचा बहुतेक परदेश व्यापार समुद्रावरून चालतो. कोविडच्या काळात जगातले सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले, तेव्हा आपल्या घरात तेल आणि डाळ येतच होती. दुसरा आक्षेप संख्येचा: खान्देशातून जाणारे असे किती? कमी असतील, म्हणूनच वेगळे कार्यालय मागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात आहे त्यातलाच एक कर्मचारी नेमावा, त्याला मुंबईच्या यंत्रणेशी कसे बोलायचे याचे प्रशिक्षण द्यावे, जहाजावर जाणाऱ्यांची ऐच्छिक नोंदवही ठेवावी. फसवणारे दलाल खान्देशातही फिरतात. एजंटाकडे सरकारी परवाना आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी तपासून देण्याचे काम हाच कर्मचारी करू शकेल. तेवढ्याने एका घराचे चार-पाच लाख वाचले तरी त्या टेबलाचा खर्च वसूल आहे.

शिडाच्या नौकेतून हौसेने लांब जाऊ पाहणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून भारतीयांसाठी ही वाट खुली केली. पण किनाऱ्याशी बोलायला लागणाऱ्या उपग्रह फोनवर आपल्याकडे कडक बंधने आहेत, परवानगीशिवाय तो जवळ बाळगणेही गुन्हा ठरतो. मुंबईवरचा २००८चा हल्ला समुद्रातूनच आला, हे लक्षात घेता बंधन समजण्यासारखे आहे. तरीही परवानगीची वाट सोपी आणि ठरावीक मुदतीची असावी, कारण संदेश न धाडू शकणारी नौका सुरक्षा यंत्रणेच्याही उपयोगाची नसते. हे सरकारलाही पटलेले दिसते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झालेल्या योजनेतून एक लाख मासेमारी नौकांवर दुहेरी संदेशाची उपग्रह यंत्रे बसवायची आहेत. नौकेकडून किनाऱ्याकडे आणि किनाऱ्याकडून नौकेकडे, दोन्ही बाजूंनी बोलता आले पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे.

जिल्ह्याची खिडकी उघडेपर्यंत घरांनी थांबून राहू नये. मुलगा जहाजावर चढण्याआधी एक कागद मराठीत लिहून घ्यावा: जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक, कंपनी, एजंटाचा परवाना क्रमांक, मुलाचा सीडीसी (खलाशाच्या नोंदपुस्तिकेचा) क्रमांक, कराराची तारीख, आणि किती दिवस फोन आला नाही तर कुणाला कळवायचे. हा कागद मुलाच्या मोबाइलमध्ये नको, तो मोबाइल मुलाबरोबरच जातो. आईला वाचता येईल अशा अक्षरात तो घरात असावा, आणि त्याची एक प्रत गावातल्या ग्रामसेवकाकडे.