पिशवीतल्या सगळ्या गोळ्या

मनाच्या आजारावर तीन-चार गोळ्या एकदम चालू झाल्या की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "गोळ्यांनीच पोरगी सुस्त झालीय, बंद करा." दुसरा म्हणतो, "डॉक्टरसाहेबांपुढं आपण काय बोलायचं?" आम्हाला दोन्ही पटत नाही.

गोळ्या वाढण्याला कारण असतं. उदासीवरचं औषध लागू पडायला काही आठवडे जातात, तोवर कधी झोपेची गोळी देतात. एका औषधानं हातपाय आखडले, तर त्यावर दुसरं येतं. पण पुष्कळदा कारण संपतं आणि गोळी तशीच राहते. आपली महाबळेश्वरची माणसं आज वाईला दाखवतात, उद्या साताऱ्याला, मुंबईला भावाकडे गेली की तिथं तिसऱ्यालाच. जुनी चिठ्ठी घरी राहते, आणि दोन नावांनी एकच औषध पोटात जातं.

म्हणून जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. बीपीच्या, शुगरच्या, हकीमसाहेबांच्या पुड्यासुद्धा. लिथियम चालू असताना अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतली, तर रक्तातलं लिथियम धोक्याइतकं वाढू शकतं. डॉक्टरांना पिशवी दिसली तरच हे कळणार. मग एकेक पाकीट पुढं ठेवून विचारा: ही कशासाठी? कुठवर घ्यायची? यातली एखादी कमी होईल का?

रमजानच्या आधी तर जाऊनच या. दुपारची गोळी इफ्तार किंवा सेहरीला घेता येईल का, हे आपण ठरवायचं नाही. लिथियम घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय रोजा धरूच नये, शरीरात पाणी कमी पडलं तरी ते रक्तात वाढतं. आजाऱ्याला सवलत आहेच.

विचारण्यात बेअदबी कसली? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला उपचार आणि त्याचे दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क दिलाय, तोही त्याला समजेल अशा भाषेत.

मात्र मनानं एकही गोळी तोडू नका. कमी करायचीच तर डॉक्टर सांगतील तशी, हळूहळू. गोळ्या संपल्या म्हणून खंड पडला, तरी त्रास होतोच. जुलै 2021 मध्ये आपल्याकडे एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला, आंबेनळी घाट बंद झाला. पावसाळ्याआधी जादा गोळ्या लिहून मागा. अडलंच, तर 14416 या टेलिमानसच्या मोफत नंबरावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. फोन करताना पिशवी जवळ असू द्या.