गाणें आणि व्याकरण

इंग्रजीच्या वर्गांत हल्लीं एक टूम निघाली आहे. लोकप्रिय गाणें ऐकवावें, मुलांनीं छापील कागदावरील गाळलेल्या जागा भराव्या, आणि गुरुजींनीं व्याकरण शिकविल्याचें समाधान मानावें! आमचें वैर गाण्याशीं नाहीं. पाणिनीचे नियम रामकथेंत गुंफणाऱ्या भट्टीला मान देणारे आम्ही काव्याला वर्गाबाहेर कसे काढूं? परंतु भट्टीनें काव्य रचिलें तें व्याकरणासाठीं. गीतकार शब्द जुळवितो ते तालासाठीं. हा भेद विसरल्यानेंच सारा घोटाळा होतो.

२०१६ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या बॉब डिलनचें १९६९ चें 'ले लेडी ले' घ्या. आडवें होणें या अर्थीं प्रमाण इंग्रजींत अकर्मक 'लाय' हवें. तेथें सकर्मक 'ले' आलें आहे. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन'च्या पूर्ण नांवांतच दोन नकार आहेत; ते एकमेकांस खोडीत नाहींत, उलट बळ देतात. बोलींत हें सारें शोभतें. पण गाळलेली जागा बिनचूक भरणाऱ्या मुलास यांतलें काय कळलें? त्याचा कान तयार झाला, एवढेंच. उद्यां नोकरीच्या अर्जांत तो हाच प्रयोग करील, आणि हंसें त्याचें होईल, गुरुजींचें नव्हे.

तेव्हां गाणें अवश्य लावा. पण तें संपतांच, येथें नियम कोठें मोडला व कां, हें मुलांस विचारा. ज्यांना तें विचारवत नाहीं, त्यांनीं खुशाल गाण्याचा तास घ्यावा. त्यास व्याकरणाचा तास मात्र म्हणूं नये.