आधी पाचनईला विचारा

युवक मंडळांच्या सहली ठरतात त्या बहुतेक अशा : हरिश्चंद्रगड, शनिवारी रात्री निघायचं, चाळीस मुलंमुली. बस ठरते, पैसे जमा होतात आणि शेवटी कुणीतरी पायथ्याच्या पाचनईत फोन लावतं. ‘दादा, या शनिवारी चाळीसजण येतोय. जेवणाचं जमेल ना?’

दादा म्हणतात, ‘या की!’

पाहुण्याला नाही म्हणणं त्या माणसाच्या जिवावर येतं. शिवाय सगळं ठरवून झाल्यावर विचारलंय, हे त्यालाही कळतं. म्हणून फोन सगळ्यात आधी करावा आणि मोकळा प्रश्न विचारावा : ‘दादा, मुलं पहिल्यांदाच गड चढणार आहेत. कधी आणू? कुठून चढवू?’

मग खरी माहिती मिळते. जुलैत भाताची आवणी असते, घरातली सगळी माणसं चिखलात वाकलेली असतात. त्या दिवसांत चाळीसजणांच्या भाकरी थापायच्या म्हणजे एका बाईचा शेतावरचा दिवस गेला. एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते, आपण हात धुतो ते पाणी कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं. हे कळलं की चाळीसचे वीस करावेसे वाटतात, आणि करावेतच.

वाटेचंही तसंच. गड १४२४ मीटर उंच. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांब, वर कातळटप्पा. नळीची वाट तर नवख्यांसाठी नाहीच. पाचनईची वाट त्या मानाने सोपी. नकाशावर एवढं सापडतं. पण कालच्या पावसाने ओढा किती चढलाय, गडाच्या कोकणकड्यावर धुकं कधी दाटतं, हे गावातल्यालाच ठाऊक. तो ‘आज नको’ म्हणाला तर मुलांना पायथ्याशीच थांबवावं, बसचे पैसे गेले तरी. मुलांची जबाबदारी घेणाऱ्याला एवढा धीर हवाच.

मुली कुठे झोपतील, संडासाची सोय काय, गडाभोवतीच्या अभयारण्याच्या नाक्यावर काय भरावं लागेल, हेही फोनवरच विचारून घ्यावं. संकोच करू नये.

आणि पैशाचं. शहरातल्या हॉटेलात मुकाट्याने बिल भरणारे आपण इथे पिठलं-भाकरीच्या ताटावर घासाघीस करतो, याची मला चीड येते. वाटाड्याची दिवसाची मजुरी आधी ठरवावी, शिध्यासाठी उचल द्यावी. सहल ऐन वेळी रद्द झाली तर उचल परत मागू नये, किराणा तोवर भरलेला असतो.

निघण्यापूर्वी मुलांच्या नावांची यादी आणि उतरायची वेळ दादांकडे लिहून द्यावी. गडावर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. ठरल्या वेळेला मुलं खाली आली नाहीत, तर बॅटऱ्या घेऊन आधी गावातलीच माणसं वर निघतात. किती जणांना शोधायचंय, हे त्यांना माहीत असायला हवं.