यंत्राच्या पोटात : टर्बोची मोरी

बालमित्रांनो, गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कोपरगावच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रकांची रांग लागते. चढावर ट्रक आला की इंजिनातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. ही शिट्टी टर्बोची! नाशिकला तयार होणाऱ्या बोलेरो आणि स्कॉर्पिओच्या डिझेल इंजिनातही टर्बो असतो.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन छोटी पंख्याची चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका चाकाला फिरवतो. मग दुसरं चाकही फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. फुकट जाणाऱ्या धुराला कामाला लावायची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. तिचं पेटंट त्यांनी १९०५ साली घेतलं.

आता एक गणित करू. घरातला पंखा सेकंदाला पाच-सहा फेरे मारतो. टर्बो मिनिटाला १,२०,००० फेरे मारत असेल तर सेकंदाला किती? बरोबर, २,०००! एवढ्या वेगात लोखंडावर लोखंड घासलं तर काय होईल? म्हणून दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. दांडा जणू तेलावर तरंगतो. हेच तेल उष्णताही वाहून नेतं.

हे तेल इंजिनाचा पंप बारीक नळीतून दाबाने पाठवतो. पण आलेलं तेल परत जायला हवं ना? परतीच्या वाटेवर पंप नसतो. तेल आपल्या वजनानेच खाली, इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं. शिवाय फिरून फिरून त्यात हवा मिसळते, फेस होतो. फेस लवकर वाहत नाही. नरसाळ्यात आधी पाणी आणि मग साबणाचा फेस ओतून पाहा, लगेच कळेल. म्हणून परतीची नळी जाड आणि उताराची ठेवतात.

मोरी तुंबली की पाणी घरात शिरतं. इथेही तसंच होतं. नळी वाकली, काजळीने भरली, पॅकिंगचं जादा सोल्युशन आत गेलं किंवा चेंबरमध्ये तेल खुणेच्या वर भरलं, तर तेल खाली उतरत नाही. वरून मात्र येतच राहतं. मग ते दांड्याच्या टोकांकडून बाहेर झिरपतं, जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. अशा वेळी पुष्कळ जण म्हणतात, 'टर्बो गेला!' हजारो रुपये घालून नवा बसवतात. तोही धूर सोडतो, कारण दोष मोरीत असतो! म्हणून टर्बो बदलण्याआधी परतीची नळी आणि इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी नळी तपासायला सांगावं.

आणखी एक गोष्ट. भरलेली गाडी चंदनापुरी घाट चढून आली आणि लगेच बंद केली, तर तेलाचा पंपही थांबतो. टर्बो मात्र तापलेलाच असतो. आत अडकलेलं तेल करपून त्याचा कोळसा होतो आणि तो बारीक वाटा बुजवतो. म्हणून मोठ्या ओझ्यानंतर गाडी एक-दोन मिनिटं नुसती चालू ठेवावी. गावातल्या गावात फिरून आल्यावर याची गरज नसते.

तुमच्या घरी गाडी असेल तर बाबांना किंवा काकांना एवढं विचारा : तेल कधी बदललं? सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने पट्टी पाहिली का? तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना? तुम्ही मात्र तापलेल्या इंजिनाला हात लावायचा नाही हं!

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. तेल आणणारी नळी बारीक चालते, मग नेणारी जाड का लागते? पुस्तक मिटून आईला समजावून सांगा. तिला पटलं, तर तुम्हाला आजचा धडा समजला!